घरी बांधलेले बिनतारी यंत्र आणि चिमूरची हकीकत

श्रोतेहो, चांद्याच्या रानाचा विषय निघाला की वक्ता बहुधा वाघांवर, सागवानावर नाही तर गोंड राजांच्या किल्ल्यांवर बोलतो. आम्ही मात्र आज घरी बांधलेल्या बिनतारी यंत्रावर बोलणार आहोत. १९४२ साली याच जिल्ह्यातील चिमूरची हकीकत ज्या यंत्राने देशाला ऐकविली, ते हौशी बिनतारीवाल्यांच्या विद्येतून निपजले होते.

हे हौशी लोक म्हणजे काय, ते प्रथम सांगितले पाहिजे. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावयाचा, आणि पुष्कळदा स्वतःच्या हाताने संच बांधून दूरच्या माणसाशी बोलावयाचे, एवढाच त्यांचा छंद. धंदा नाही, पैसा नाही. यांच्या वाट्याला लहरींचे काही पट्टे दिलेले असतात. ऐंशी मीटरचा पट्टा रात्री जवळच्या मुलुखाला बरा, चाळीस मीटरचा दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत चालतो, आणि वीस मीटरचा साता समुद्रांपलीकडे पोहोचतो. वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आपटून लहर खाली येते. तो थर सूर्याप्रमाणे बदलतो, म्हणून एकाच पट्ट्यावर भागत नाही. पूर्वीचे हौशी कारागीर पट्टा बदलताना तारेचे एक वेटोळे उपसून दुसरे खोचीत. बोलण्याचे यंत्र निराळे आणि ऐकण्याचे निराळे असे.

१९३९ साली युद्ध पेटले. सरकारने या मंडळींना आपले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम दिले. शत्रूला बातम्या जातील, हे कारण. ते खोटे होते असे नाही. पण घरबसल्या बोलू शकणारी प्रजा परक्या सरकारला मानवत नाही, हेही तितकेच खरे.

पुढे ऑगस्ट १९४२ उजाडला. मुंबईत उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि बाबूभाई खाकर या तरुणांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला. यंत्राचे काम नरिमन प्रिंटर यांनी केले. ते स्वतः हॅम होते. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांचेही साहाय्य झाले. २७ ऑगस्टपासून हा आवाज ४२.३४ मीटरवर ऐकू येऊ लागला. हिशोब केला तर ही लहर हौशी लोकांच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातच पडते. पोलिसांच्या भीतीने यंत्राचे बिऱ्हाड सारखे हलवावे लागे.

इकडे मध्यप्रांतातील तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले होते. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव आधीच जागे झालेले. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा पोर पडला, आणि चवताळलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना ठार केले. मग लष्कर आले. त्यानंतर गावातील स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांचा तपशील आम्ही येथे देत नाही. आष्टी आणि चिमूर येथील अत्याचारांचे सविस्तर वर्णन आपल्या केंद्रावरून दिल्याचे उषाबेन पुढे सांगत असत. मुंबईहून चिमूर सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर. चाळीस मीटरच्या लहरीला तेवढे अंतर सहज झेपते.

या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ११ नोव्हेंबरला उपोषण आरंभिले. दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, गिरगावात पारेखवाडीत पोलीस दार ठोठावीत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती. आतल्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखविले होते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र बंद पडले, आणि उपोषणाची बातमी छापण्यास वर्तमानपत्रांना मनाई झाली. तिच्या निषेधार्थ पत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी हरताळ पाळला. उपोषण १२ जानेवारीला, ६३व्या दिवशी, सुटले.

आपल्या इतिहासात भाषण करणारा दिसतो, डाग देऊन तारा जोडणारा दिसत नाही. आमच्या मते हा अन्याय आहे, आणि तो आजही चालू आहे. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३च्या सुमारास घरी बांधता येईल असा ‘बिटएक्स’ संच जगापुढे ठेवला. त्यात एकच जोडणी बोलण्यालाही चालते आणि ऐकण्यालाही. वेटोळी गुंडाळण्यास त्यांनी चक्क नळाचे वायसर वापरले! तो संच एका पट्ट्याचा होता. पुढे त्यांनी ऐंशीपासून दहा मीटरपर्यंत सारे पट्टे घेणारा, सुमारे दहा वॅटचा संच केला. किती मराठी घरांत हे नाव ठाऊक आहे?

१९८२ साली चंद्रपुरातून निराळा झालेला गडचिरोली जिल्हा पाहा. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण कित्येक पावसाळ्यांत वाचल्या आहेत. जिल्ह्याचे गाव रस्त्याने दीडशे किलोमीटरहून दूर. अशा वेळी तार मुद्दाम ठेंगणी बांधली, तर लहर जवळजवळ सरळ वर जाऊन डोंगररानापलीकडे तशीच खाली उतरते. दिवसा चाळीस मीटर, रात्री ऐंशी. म्हणूनच येथे अनेक पट्ट्यांचा संच हवा. मोटारीची बॅटरी त्याला पुरते, मनोरा लागत नाही. चाळीस मीटरसाठी तार लागते सुमारे वीस मीटर; तेवढी दोन सागांच्या मध्ये सहज बांधता येते.