सुलतान बाजारची मोरी



सुलतान बाजारात नव्याने राहावयास आलेल्या मराठी माणसाची पहिली फजिती बहुधा ‘मोरी’ या शब्दापाशी होते. आपल्या बोलण्यात मोरी म्हणजे घराच्या कोपऱ्यातील, बुटका कठडा घातलेली फरसबंद जागा. तेथे आपण हातपाय धुतो, भांडी घासतो. हैदराबादच्या दखनीत मात्र मोरी म्हणजे गल्लीतून वाहणारे गटार. बादली मोरीत आहे, असे माझ्या आईने एकदा शेजारच्या मुलाला सांगितले, तेव्हा तो बिचारा गल्लीभर बादली शोधून आला. शब्द एकच, पण उंबरठ्याच्या आत त्याचा अर्थ एक आणि बाहेर दुसरा. मला वाटते, या शहराच्या सांडपाण्याचा इतिहास सांगावयाचा झाल्यास या उंबरठ्यापासूनच आरंभ केला पाहिजे. कारण आतली मोरी आपली आणि बाहेरची सरकारची, ही समजूत येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

तिला आमच्या पेठेत थोडे ऐतिहासिक कारणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्नल जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक याने मुसीच्या उत्तरेस ब्रिटिश रेसिडेन्सीची भव्य इमारत उठविली. तेथे आज मुलींचे विद्यापीठ आहे. या इमारतीच्या आसऱ्याने जी बाजारपेठ वाढली ती रेसिडेन्सी बाजार. तेथे निजामाचा अंमल नव्हता, रेसिडेन्टाचा होता. म्हणून सावकार आणि व्यापारी तेथे येऊन स्थिरावले. १९३३ साली हा भाग निजाम सरकारकडे परत आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार पडले. म्हणजे कित्येक दशके एकाच शहरात दोन राज्ये नांदत होती, आणि रस्ता ओलांडला की कायदा बदलत होता. पाण्याने मात्र ही हद्द कधी मानली नाही. रेसिडेन्सी बाजारातील असो की निजामाच्या मुलखातील असो, सांडपाणी उतार धरून मुसीलाच मिळत होते.

ते वाहत होते उघड्या गटारांतून. या गटारांचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. त्यांच्याबरोबर माश्या आल्या, डास आले, पटकी आली. आणि घराघरांतील मैला डोक्यावर वाहून नेण्याचे काम ज्या जातींच्या माथी समाजाने मारले होते त्यांची दुःखे तर निराळीच. परंतु उघड्या गटाराचा एक गुण नाकारता येत नाही, तो म्हणजे त्यातले सर्व दिसत असे. त्या काळी भांडी राखेने आणि विटेच्या चुऱ्याने घासत. ही राख गटाराच्या तळाशी बसे, झाडूवाला ती फावड्याने ओढून कडेला ढीग करी, आणि कोणाच्या दारापुढे गाळ अधिक साचतो हे साऱ्या गल्लीला कळत असे. तुंबणे ही गोष्ट तेव्हा चारचौघांत घडत होती.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. सुमारे १५,००० माणसे त्यात गेली, असे सांगतात. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाने दीडशे जणांना आपल्या फांद्यांवर तारले, ही गोष्ट हैदराबादेत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुरानंतर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. विश्वेश्वरय्या म्हैसूरचे खरे, पण त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क पोचतो. १८८३ साली ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातून एंजिनियर झाले, मुंबई सरकारच्या नोकरीत नाशिक, खानदेश आणि पुणे या भागांत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. मुंबई इलाख्याचे आरोग्य-अभियंता म्हणूनही त्यांनी काम केले होते. नळ, गटारे आणि उतार यांचा हिशेब त्यांच्या हाडीमासी खिळलेला होता.

१९०९ साली ते हैदराबादेत आले ते पुराचा बंदोबस्त करण्यासाठी. शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय बांधावेत ही त्यांची सूचना सर्वश्रुत आहे. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. पण शहराच्या सांडपाण्यासाठीही त्यांनी योजना मांडली होती, हे फारसे कोणी बोलत नाही. धरण पाहावयास लोक सहलीला जातात. गटार पाहावयास कोण जाणार? तेव्हा धरणे आधी झाली आणि गटारे मागे राहिली. १९११ साली प्लेगने शहर हादरले, १९१२ साली नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले आणि दाट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम सुरू झाले. भूमिगत गटारांची व्यवस्था पुरी होण्यास १९३१ साल उजाडले. ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ४ लाख ६८ हजार लोकवस्ती हा तिचा हिशेब होता. घाण पाणी जमिनीखालून पूर्वेकडे अंबरपेठच्या बाजूला नेले जाऊ लागले.

आता जरा या नळाचा स्वभाव पाहू, कारण सारा प्रश्न तेथेच आहे. भूमिगत गटाराला पाणी ओढणारे यंत्र सहसा नसते, असतो तो केवळ उतार. पाणी सेकंदाला दोन ते अडीच फूट वेगाने धावले तर ते आपल्याबरोबर बारीक गाळ नेते आणि नळ स्वतःच स्वतःला धुऊन काढतो. वेग याहून मंदावला की गाळ खाली बसतो, गाळाने उतार मोडतो, आणि मोडलेल्या उतारावर आणखी गाळ बसतो. म्हणून ही योजना आखणाऱ्याच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत असते, ती ही की नळात पातळ सांडपाणी आणि पाण्याबरोबर विरघळून जाईल एवढीच घाण येईल. राख येणार नाही, काथ्या येणार नाही, भाताचे खरकटे येणार नाही. हे अडविण्याची जागा म्हणजे घरातली मोरी. तिच्या तोंडाची जाळी आणि तिच्याखालची वाकडी नळी हे शहराच्या गटारयोजनेचे पहिलेच काम होय, शेवटचे नव्हे. नकाशा काढणारा ते कागदावर दाखवितो, पण सांभाळावयाचे असते घरच्या माणसांनी.

ही वाकडी नळी कोणा नगररचनाकाराची नव्हे, तर एका घड्याळजीची युक्ती आहे. अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. नळीला नागमोडी वळण दिले की वळणात थोडे पाणी अडून राहते, आणि ते पाणीच बुचासारखे होऊन गटारातला दुर्गंधी वायू घरात येऊ देत नाही. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदी इतकी दुर्गंधीने भरली की पार्लमेंटातल्या सभासदांना नाके धरून बसावे लागले. मग जोसेफ बॅझलजेट याने लंडनची प्रचंड भूमिगत गटारे बांधली. पुस्तकांत बॅझलजेटचे चित्र असते. घड्याळजीचे चित्र मी तरी कोठे पाहिले नाही.

जाळी आणि कुंडी या साहेबी कल्पना आहेत, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. मोहेंजोदडोच्या झाकलेल्या गटारांत जागोजागी गाळ बसण्यासाठी खड्डे केलेले होते, आणि वरच्या विटा उचलून ते साफ करता येत. आपल्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळियांनी उत्खनन केले, तेव्हा तेथे भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे मिळाले. नळ केव्हा ना केव्हा भरणार, तेव्हा तो उपसावयाचा कसा, हे जुने कारागीर आधी ठरवीत आणि मग नळ घालीत.

आम्हांला भूमिगत नळ मिळाला, पण सवयी उघड्या गटाराच्याच राहिल्या. पूर्वी मोरीतून गेलेली राख दारापुढे दिसे, आता ती दिसेनाशी झाली, आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे आम्ही धरून चाललो. राखेच्या जागी पुढे साबणाच्या वड्या आल्या, काथ्याच्या जागी तारेची घासणी आली, पानाच्या द्रोणाच्या जागी प्लास्टिकची पिशवी आली. गल्लीत घरे होती तेथे मजले चढले. ज्या शहराचे नळ पाच लाखांच्या आतल्या वस्तीसाठी आखले होते, त्याच्या महानगरपालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत ६७ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. नवे नळ पडले, हे खरे. पण जुन्या पेठांत ते पडण्यास मुळात जागाच कितीशी?

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नाताळ नुकताच झाला होता. आमच्या घरी नेवऱ्या तळल्या होत्या, आणि वाड्यातील इतर बिऱ्हाडांची दिवाळी होऊनही फार दिवस लोटले नव्हते. थंडीच्या दिवसांत एका सकाळी वाड्यातील सर्व मोऱ्या एकदम उलट्या वाहू लागल्या. दोन माणसे बोलाविली. त्यांतील तरुणाने बांबूची लांब कामटी घालून पाहिली आणि म्हणाला, “मोरी साफ है साब, अंदर जम गया।” अंदर म्हणजे गल्लीतल्या कुंडीत. तो कमरेला दोर बांधून कुंडीत उतरला आणि त्याचा सोबती दोर धरून उभा राहिला. आत अंधार होता म्हणून मी वरून बॅटरी धरली. मी, शाळेत मुलांना स्वच्छतेचा धडा शिकविणारा! त्याने हातांनी जे बाहेर काढले ते साबणासारखे पांढरट गोळे होते. तळणाचे उरलेले तेल आणि तूप थंड नळात गोठून, भाताच्या पेजेत आणि केसांत मिसळून त्याचे ते दगड झाले होते. त्यांतले काही माझ्या घरचे असणार, हे मला तेथेच कळले. तो तरुण सुखरूप वर आला. आम्ही वर्गणी काढून त्याला पैसे दिले आणि हात धुवावयास साबण दिला.

तो सुखरूप आला हे केवळ नशीब. तुंबलेल्या कुंडीत हायड्रोजन सल्फाइड हा वायू साचतो. त्याचा वास कुजक्या अंड्यासारखा असतो, असे आपण शिकवितो. पण तो अधिक प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढावयास उतरलेला सोबतीही मग त्याच्याच शेजारी पडतो. मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती ३० लाख केली. रकमा वाढवाव्या लागल्या, यावरून मृत्यू थांबले नव्हते हे उघड आहे. हैदराबादच्या जल मंडळाने २०१७ साली अरुंद गल्ल्यांत शिरू शकतील अशी ७० छोटी यंत्रे आणली. जोराच्या पाण्याच्या धारेने ती नळ मोकळा करतात. आमच्यासारख्या बोळांत मोठी गाडी येतच नव्हती, म्हणून माणूस उतरत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लहान यंत्राची थोरवी कळते.

घरातली मोरी तुंबल्यास काय करावे, हे आता थोडक्यात सांगतो. प्रथम जाळी उचलून हाताला लागेल तो केर काढावा. मग मोरीत चार बोटे पाणी ठेवून, रबरी टोपी बसविलेला दांडा भोकावर दाबून पंधरा-वीस वेळा खालीवर करावा. शेजारी दुसरे भोक असेल तर ते ओल्या फडक्याने बंद करावे, नाही तर सारा जोर तिकडून निघून जातो. एवढ्याने न भागल्यास वाकडी नळी खालून उघडावी, तिच्याखाली बादली ठेवण्यास मात्र विसरू नये. कॉस्टिक सोडा ओतण्याची घाई करू नये. तो चरबीचा साबण करतो, आणि प्रवाह थांबलेला असेल तर तो साबण तेथेच घट्ट बसतो. शिवाय सोड्याचे पाणी नळीत तसेच राहते आणि नंतर ती नळी उघडणाऱ्याच्या डोळ्यांत उडते. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नयेत, त्यांतून क्लोरिन वायू निघतो. सगळ्या वाड्याच्या मोऱ्या एकदम उलटल्या तर दोष घरात नाही, कुंडीत आहे. मग दांडा बाजूला ठेवून जल मंडळाला कळवावे आणि यंत्र येईपर्यंत पाणी सोडणे बंद ठेवावे. पावसात अंगण भरले म्हणून कुंडीचे झाकण उघडून ठेवण्याची पद्धत आमच्या भागात आहे. त्या वाहत्या पाण्यात झाकण कोठे उघडे आहे हे वाटसरूला दिसत नाही.

आमच्या मोरीवर आता बारीक छिद्रांची पितळी जाळी आहे. ती रोज रात्री भांडी आटोपल्यावर उचलून केरात झाडावी लागते, आणि हे काम घरात पाळीपाळीने चालते. खरकटे पाणी आधी चाळणीतून गाळतो. तेलकट कढई वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून मगच मोरीत जाते. तळणाचे उरलेले तेल एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात साठवितो. नाताळात तो डबा भरतो.