परसातील वाफा आणि घरचे बी

जुबिलीच्या स्मरणिकेत मंदिर कधी उभे राहिले, घंटा कोठून आली, धर्मगुरू कोण कोण होऊन गेले, ह्याची हकीकत येते. आणि ती यावीच. परंतु ज्या हातांनी मंदिराचे दगड वाहिले, तेच हात बाकीचे दिवस मातीत राबत होते. त्यांच्या त्या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून घरच्या भाजीच्या वाफ्याचा थोडा इतिहास, बी रुजविण्यापासून बी राखण्यापर्यंत, आम्ही येथे वाचकांपुढे मांडीत आहो.

ह्या विषयाचा आणि ख्रिस्तसभेचा संबंध फार जुना आहे. संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात मठवाशांसाठी जी नियमावली रचिली, तिच्या ६६व्या प्रकरणात पाणी, चक्की व बाग ही शक्यतो मठाच्या आवारातच असावीत, असे सांगितले आहे. इसवी सन ८२०च्या सुमारास काढलेला एका मठाचा आराखडा स्वित्झर्लंडमधील संत गालच्या ग्रंथालयात आजही जतन करून ठेविला आहे. त्यात भाजीच्या मळ्याचे १८ वाफे आखलेले असून, प्रत्येकावर त्यातील वनस्पतीचे नाव लिहिले आहे. कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, शेपू, कोबी ही आपल्या ओळखीची मंडळी तेथे भेटतात. मळ्याला लागून माळ्याचे घर आहे आणि त्यात अवजारांसाठी व भाज्यांच्या बियाण्यासाठी स्वतंत्र जागा दाखविली आहे. बाराशे वर्षांपूर्वी मठ बांधणाऱ्यास बियाण्याची कोठी विसरून चालले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सन १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी ज्या संस्था काढण्याची आज्ञा केली, त्यांस सेमिनरी हे नाव पडले. त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ रोपांचा वाफा असाच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. वांगे व काकडी ही ह्या देशाचीच लेकरे होत. पण मिरची, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा, पपई ह्यांचे माहेर अमेरिका खंडात आहे. सन १४९२ पूर्वी त्यांतील एकही आपल्या चुलीपाशी आली नव्हती. पोर्तुगीज लोकांनी १५१०त गोवा आणि १५३४त वसई घेतल्यानंतर त्यांच्या गलबतांतून ह्यांपैकी कित्येक वाणांचे बी ह्या किनाऱ्यास लागले. बटाटा, कोबी, पपई, अननस, काजू हे शब्द त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आले. मिरचीला मात्र आपल्या पूर्वजांनी घरच्या मिरीवरून नाव दिले. सन १७३९त वसईवरील पोर्तुगीज सत्ता गेली. पण ते वेल आणि ती झाडे राहिली. राजवट उलटली तरी परसातले बी कोणी उपटून टाकीत नाही.

वसईच्या वाड्यांची कीर्ती कोणास ठाऊक नाही? विहिरीवर रहाट, त्याखाली पाट, पाटाच्या दोहों अंगांस केळी, पानवेली व भाजीचे वाफे, असा तो थाट होता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात आगगाडी सुरू झाली आणि वसईची भाजी मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. पुढे पुढे ह्याच आगगाडीने शहरही वसईत आणिले. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले, आणि वाडीबरोबर वाडीची विद्याही घराबाहेर पडू लागली. ही विद्या काय होती, ते थोडक्यात सांगतो.

वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी ह्यांचे बी आधी गादीवाफ्यावर रुजवावे. वाफा चांगल्या कुजलेल्या शेणखताचा, भुसभुशीत व जमिनीपासून वीतभर उंच असावा. बी आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पडावे, त्याहून अधिक नाही. पाणी झारीने, बेताने द्यावे. दाट पेरून वाफा सदा चिंब ठेविला तर कोवळी रोपे देठाशी कुजून कोलमडतात. चार ते सहा आठवड्यांनी रोप वीतभर झाले की संध्याकाळच्या वेळी ते मूळ न दुखविता दुसरीकडे लावावे. भेंडी, मुळा, वाल, काकडी, दुधी, पडवळ ह्यांचे बी जागच्या जागी टोकावे. वेलांस आळे व मांडव आधीच करून ठेवावा. कोकणात वेलांचे बी मृगाच्या पावसावर पडते, आणि पाऊस सरल्यावर हिवाळी भाज्यांची पाळी येते.

येथवर पुष्कळांस येते. कठीण असते ते शेवटचे काम, म्हणजे बी राखणे. त्यामागचे रहस्य जगाला एका व्रतस्थाच्या वाफ्यातूनच कळले. शेतकऱ्याच्या घरी १८२२ साली जन्मलेले ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील अगुस्तीनी मठात धर्मगुरू होते. मठामागच्या सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद तुकड्यात त्यांनी १८५६ ते १८६३ पर्यंत वाटाणा लाविला, त्याचे संकर केले आणि दाणे मोजले. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. लपलेला गुण नातवंडांत पुन्हा प्रकट झाला. हा शोध त्यांनी १८६५ साली सभेत वाचला व १८६६ साली छापला, पण त्याची खरी किंमत जगाला १९०० साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी कळली.

बाजारातील संकरित बियाण्याचे कोडे ह्याच हिशेबाने सुटते. त्याची पहिली पिढी एकसारखी व जोमदार येते. तिचे बी धरून पेरले तर पुढची पिढी फुटते. कोणी आजोबांवर जातो, कोणी आजीवर. म्हणून असे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. ते वाईट नव्हे. परंतु घरात केवळ तेच उरले, तर वाफा आपला आणि बी परक्याचे, अशी स्थिती होते.

ज्यांस बी राखावयाचे आहे त्यांनी गावठी, सरळ वाण घ्यावा. वाटाणा, घेवडा, टोमॅटो ह्यांचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून नवशिक्याने तेथून आरंभ करावा. भोपळा व काकडी ह्यांचा पराग मधमाशा दूरवर नेतात. भोपळ्याची मादी कळी, जिच्याखाली इवलेसे फळ असते ती, उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावी. तशीच एक नर कळीही बांधून, सकाळी तिचा पराग मादी फुलास लावावा आणि फूल पुन्हा बांधावे. बियाण्यास उत्तम झाडाचे उत्तम फळ ठेवावे. खाऊन उरलेले नव्हे. वांगे व काकडी पिवळी पडेपर्यंत झाडावर राहू द्यावी. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवावे. मग सावलीत खडखडीत वाळवून, कोरडी राख घालून, घट्ट झाकणाच्या बरणीत वाणाचे नाव व साल लिहून ठेवावे. कांद्याचे बी वर्षा-दोन वर्षांत मरते; काकडीचे नीट ठेविल्यास पाच वर्षे टिकते. शंका असल्यास दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती रुजतात ते पाहावे.

हे सारे लहान घरच्या माणसांनाही साधते, ह्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी शाळेचे तोंड न पाहता गावठी वाणांची बियाण्याची पेढी उभी केली, आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. सन २००१च्या वाणसंरक्षण कायद्यानेही शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा व छापाचे नाव न लाविता विकण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा अडचण कायद्याची नाही, सवयीची आहे.

मुंबईकडील ईस्ट इंडियन समाज आगेऱ्याच्या सणाला नवी कणसे मंदिरात आणितो. त्या कणसांबरोबर प्रत्येक घराने एका तरी वाणाचे मूठभर बी आणावे आणि शेजाऱ्याच्या मुठीशी बदलून न्यावे, असे आम्हांस वाटते. एका घरचा वाण पावसाने गेला तर तो दुसऱ्या घरी सापडेल. आपल्या आज्या-पणज्यांनी पदराच्या गाठीत बांधून सासरी नेलेले बी असेच टिकले. ज्या घरी अद्याप अशी एखादी बरणी किंवा गाठोडे असेल, त्यांनी ह्या पावसाळ्यात ते उघडून चार बिया अवश्य पेराव्यात. कारण बियाण्याचे आयुष्य मोजके असते, आणि ते कोणाची वाट पाहत नाही.