उत्स्फूर्त वादनाच्या तबकड्या

इंग्लंडच्या उत्तरेकडील शेफील्ड हे पोलादाचे आणि सुऱ्याकात्र्यांचे शहर. तेथील 'द ग्रेप्स' नावाच्या मद्यगृहाच्या माडीवर १९६३ ते १९६६ या काळात तीन वादक शनिवारी दुपारी जमून वाजवीत असत. गिटारवर डेरेक बेली, ड्रमवर टोनी ऑक्सली आणि डबल बासवर गॅविन ब्रायर्स. बेली तिघांत वयाने मोठे. नृत्यगृहांत आणि वाद्यवृंदांत वाजवून पोट भरणारे कसबी वादक. ऑक्सली लष्करी बँडमधून आलेले, तर ब्रायर्स त्या वेळी विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते. जोसेफ होलब्रुक या विस्मृतीत गेलेल्या इंग्रज संगीतकाराचे नाव त्यांनी आपल्या त्रयीला दिले होते. त्यांनी आरंभ केला तो प्रचलित जॅझपासून. हळूहळू त्यांनी ठेका सोडला, मग स्वरमेळांची ठरलेली साखळी सोडली, आणि अखेरीस आधी काहीच न ठरविता, एकमेकांचे ऐकत, जे सुचेल ते वाजविण्यापर्यंत ते येऊन पोहोचले.

या तीन वर्षांच्या उद्योगातून प्रसिद्ध झालेली आहे ती फक्त एक ध्वनिफीत. १९६५ मधील एका तालमीची, सुमारे दहा मिनिटांची. तीही जॉन कोल्ट्रेन यांच्या 'माइल्स मोड' या रचनेवरची, म्हणजे जुना किनारा अजून पुरता न सुटलेल्या अवस्थेतली. ती लोकांच्या हाती आली १९९९ साली. त्रयीचे सर्वस्वी मुक्त असे वादन कसे होते, हे जाणण्यास त्या तिघांच्या आठवणींखेरीज दुसरे साधन नाही.

मैफलीच्या संगीताला ही हानी नवी नाही, असे आपल्याकडील श्रोता म्हणेल. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली. दोघांचेही गाणे तबकडीवर नाही. परंतु येथे एक मोठा भेद ध्यानात घ्यावयास हवा. खाँसाहेबांचा आवाज गेला तरी त्यांनी शिकविलेल्या बंदिशी राहिल्या, राग राहिले, केसरबाई आणि मोगूबाई यांच्यासारख्या शिष्यांच्या कंठात त्यांची तालीम राहिली. राग हा गायकाच्या आधीपासून असतो आणि त्याच्यामागेही राहतो. शेफील्डच्या माडीवर जे वाजले त्याला ना राग होता, ना बंदिश, ना लिहिलेली स्वरलिपी. ते विरले म्हणजे सर्वस्वी विरले.

बेली यांना हा भेद चांगलाच ठाऊक होता. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी जगातील निरनिराळ्या संगीतपरंपरांतील उत्स्फूर्ततेचा विचार केला, आणि त्यात हिंदुस्थानी संगीताला मानाचे स्थान दिले. लंडनमधील सतारवादक विराम जसानी यांच्याशी झालेली चर्चा त्यात आहे. बेलींचे विवेचन असे की, हिंदुस्थानी गायक, स्पेनचा फ्लामेंको वादक किंवा जॅझचा वादक आयत्या वेळी पुष्कळ काही निर्माण करतो, पण ते एका ठरलेल्या बोलीत. मुक्त वादनाचा प्रयत्न मात्र कोणत्याच बोलीशी बांधून न घेण्याचा असतो. हा प्रयत्न कितपत शक्य आहे, याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु तो प्रामाणिकपणे करावयाचा म्हटले की ध्वनिमुद्रणाचा प्रश्न आलाच. कारण अशा वादनाला तबकडीखेरीज दुसरी स्मृती नाही, आणि तबकडी तर त्या वादनाचा प्राणच हिरावून घेते, असे ते वाजविणाऱ्यांपैकीच काहींना वाटत होते.

असे वादन ध्वनिमुद्रित करण्याची कल्पना शेफील्डच्याही आधीची. मे १९४९ मध्ये न्यूयॉर्क येथे लेनी ट्रिस्टानो या अंध पियानोवादकाने आपल्या साथीदारांसह कॅपिटॉल कंपनीसाठी काही तुकडे मुद्रित केले. त्यांत चाल, स्वर किंवा लय यांपैकी काहीही आधी ठरविलेले नव्हते. ड्रमवादक तर स्वस्थ बसून राहिला होता. 'इंट्यूइशन' आणि 'डायग्रेशन' या दोन तुकड्यांची लांबी अडीच-तीन मिनिटे आहे. मुक्तपणे वाजवावयाचे, पण तबकडीची एक बाजू भरण्यापूर्वी थांबावयाचे, असा तो प्रकार होता. कंपनीला हे संगीत म्हणजे काय, तेच उमगेना. ते लगेच बाजारात आणण्यास ती राजी नव्हती.

पुढे दोन साधनांनी परिस्थिती पालटली. चुंबकीय ध्वनिफितीमुळे दीर्घकाळ अखंड मुद्रण शक्य झाले आणि १९४८ साली निघालेल्या दीर्घवादी तबकडीमुळे एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. २१ डिसेंबर १९६० रोजी ऑर्नेट कोलमन यांनी न्यूयॉर्कमध्ये आठ वादकांचे दोन ताफे समोरासमोर उभे करून 'फ्री जॅझ' मुद्रित केले. एक ताफा डाव्या ध्वनिक्षेपकातून, दुसरा उजव्यातून. सुमारे सदतीस मिनिटांचे हे वादन तबकडीच्या दोन बाजूंवर मधोमध तोडून घालावे लागले. त्यात ठेका होता आणि अधूनमधून आधी बेतलेले समूहवादनही होते. त्यामुळे कडक अर्थाने ते सर्वस्वी मुक्त नव्हे. त्याच दिवशी याआधी झालेले सतरा मिनिटांचे वादन १९७१ साली प्रसिद्ध झाले. एकाच दिवसाची दोन वादने. पण जग ज्याला 'फ्री जॅझ' म्हणून ओळखते ते त्यांतले एकच. मुक्त वादनाच्या इतिहासात अशी निवड नेहमी होत आली आहे, आणि ती पुष्कळदा संगीताहून तबकडीच्या सोयीने झाली आहे.

या प्रश्नाला अगदी टोकापर्यंत नेले ते लंडनमधील 'एएमएम' या मंडळीने. १९६५ साली कीथ रो, एडी प्रेव्हो आणि लू गेअर यांनी ती उभी केली. या तीन आद्याक्षरांचा अर्थ त्यांनी कधी उघडपणे सांगितला नाही. रो हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांनी गिटार मेजावर आडवी ठेवली आणि निरनिराळ्या वस्तूंनी तिच्या तारा घासून, दाबून ध्वनी काढावयास आरंभ केला. शेजारी रेडिओ ठेवून त्यातून जे ऐकू येईल तेही वादनात मिसळले. १९६६ साली कॉर्नेलियस कार्ड्यू त्यांना येऊन मिळाले. जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन यांचे साहाय्यक म्हणून काम केलेला हा विद्वान संगीतकार, लिहिलेल्या संगीताचा कंटाळा येऊन, न लिहिलेल्या संगीताकडे वळला होता. या मंडळीच्या वादनात कोणता ध्वनी कोणी काढला हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नसे. कित्येकदा वाजविणाऱ्यालाही येत नसे. मोठमोठ्या शांततेनंतर कर्कश कल्लोळ उठत असे. त्यांची पहिली तबकडी जून १९६६ मध्ये मुद्रित झाली आणि पुढच्या वर्षी एलेक्ट्रा कंपनीने ती प्रसिद्ध केली. तिच्या वेष्टनावरील चित्र रो यांनीच काढले होते.

ज्या कार्ड्यूंचा हात त्या तबकडीत आहे, त्यांनीच पुढे अशा तबकड्यांवर सर्वांत कठोर आक्षेप घेतला. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी म्हटले की, उत्स्फूर्त वादनाचे मुद्रण हा एक पोकळ दस्तऐवज होय. घडलेल्या गोष्टीचा आकार तेवढा त्यात राहतो. तिच्यामागील भाव पुसट होतो आणि स्थळकाळाचे भान तर अजिबात उरत नाही. हे संगीत ज्या खोलीत जन्मते त्या खोलीचा आकार, तिच्यातील नाद, इतकेच काय, खिडकीबाहेरचे दृश्यही त्या संगीतात उतरलेले असते. ते यंत्राने कसे पकडावे?

हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. ज्याने एखादी उत्तम मैफल प्रत्यक्ष ऐकली आणि पुढे तिचे मुद्रण ऐकले, त्याला कार्ड्यूंचे म्हणणे तत्काळ पटेल. तथापि त्याला एक उत्तर आहे, आणि ते कार्ड्यूंच्या मंडळीनेच दिले. १२ जून १९६८ रोजी लंडनमधील एका तळघरात या मंडळीने केलेल्या वादनाचे मुद्रण झाले. त्याच्या दोन तबकड्या प्रेव्हो यांनी स्थापन केलेल्या 'मॅचलेस' या संस्थेतर्फे १९८१ साली निघाल्या. त्याच वर्षी १३ डिसेंबरला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कार्ड्यू रस्त्यावर मोटारीच्या धडकेने मृत्यू पावले. तोवर त्यांनी या प्रयोगशील संगीतालाच पाठ दाखविली होती. ते कट्टर साम्यवादी झाले होते आणि कामगारांसाठी सोप्या चालींची गाणी रचीत होते. खिडकीबाहेरचे दृश्य तबकडीत शिरत नाही, हे खरेच. पण त्या तळघरातील कार्ड्यू आज जे काही ऐकू येतात ते त्या पोकळ दस्तऐवजातच.

लंडनमध्येच १९६६ च्या आरंभी ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांनी सेंट मार्टिन्स लेनजवळच्या एका लहान नाट्यगृहात, नाटकाचा खेळ संपल्यानंतर, मुक्त वादनाची बैठक सुरू केली. श्रोते मोजकेच असत. बेलीही शेफील्ड सोडून तेथे आले. या मंडळीची 'कार्योबिन' नावाची तबकडी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुद्रित झाली. हे नाव बौद्ध कथांतील स्वर्गीय पक्ष्याचे असून ते संस्कृतातील 'कलविंक' या शब्दाचे जपानी रूप होय. ती तबकडी काढणारी आयलंड कंपनी पुढे लोकप्रिय संगीतात मोठी झाली. हा पक्षी मात्र बाजारातून लवकरच दिसेनासा झाला. मोठ्या कंपन्यांना या संगीताचे कुतूहल होते, पण ते चार दिवसांचे.

तेव्हा वादकांनी स्वतःच दुकान थाटावयाचे ठरविले. हॉलंडमध्ये मिशा मेंगेलबर्ग, हान बेनिंक आणि विलेम ब्रॉयकर यांनी १९६७ साली आपली संस्था काढली. जर्मन सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्झमान यांनी मे १९६८ मध्ये ब्रेमेन येथे मुद्रित केलेल्या 'मशीन गन' या तबकडीच्या पहिल्या तीनशे प्रती स्वतःच काढून विकल्या. लंडनमध्ये १९७० साली बेली, ऑक्सली आणि सॅक्सोफोनवादक एव्हन पार्कर यांनी 'इन्कस' ही संस्था स्थापन केली. कानाच्या आतील तीन चिमुकल्या हाडांपैकी मधल्या हाडाचे, म्हणजे ऐरणीचे, हे शास्त्रीय नाव. तिच्या पहिल्या तबकडीसाठी पार्कर, बेली आणि बेनिंक यांनी १३ जुलै १९७० रोजी वादन केले. पुढे १९८० नंतरच्या दशकात बेली आणि पार्कर यांचे बिनसले, आणि ती तबकडी वर्षानुवर्षे मिळेनाशी झाली. बेली गेल्यानंतर, २००६ साली, पार्कर यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली. वादक स्वतःच मालक झाला म्हणजे सगळे सुरळीत होते, असे समजण्याचे कारण नाही.

या तबकड्या थोड्याच खपत. पण टपालाने त्या दूरदूर गेल्या. अमेरिकेत हेन्री कायझर, यूजीन चॅडबोर्न यांसारख्या तरुण गिटारवादकांनी त्या ऐकल्या, आणि बेलींचे तुटक स्वर, त्यांचे तीक्ष्ण नाद, सूर एकमेकांपासून दूर फेकण्याची त्यांची रीत यांचा अभ्यास होऊ लागला. प्रत्यक्ष मैफलीत एकदाच कानावर पडून जे विरले असते, ते तबकडीवर पन्नास वेळा ऐकता येत होते. आणि पन्नास वेळा ऐकलेले बोटांत उतरतेच. ज्यांना कोणतीच बोली नको होती त्यांची बोली झाली, ज्यांना घराणे नको होते त्यांचे घराणे झाले. ते तबकडीने केले. हा तोटाच, असे म्हणता येणार नाही; त्यावाचून हे वादन एका पिढीपुरते राहिले असते.

ब्रायर्स यांनी मात्र १९६६ सालीच या वादनाचा त्याग केला होता. त्यांची तक्रार अशी की, उत्स्फूर्त वादनात कर्ता आपल्या कृतीपासून कधी वेगळाच होत नाही. चित्र पाहावयास जावे तर शेजारी प्रत्येक वेळी चित्रकार उभा. ते रचनाकार झाले आणि मोठे झाले. बेली यांनी उलट हेच या वादनाचे मर्म मानले. तबकडीविषयी त्यांना फारशी भक्ती नव्हती, तरी त्यांनी त्या आयुष्यभर काढल्या. १९७३ साली तर चिमुकल्या रिळांवर स्वतःचे वादन मुद्रित करून विकावयासही ठेवले.

त्यांची अखेरची महत्त्वाची ध्वनिमुद्रिका २००५ साली निघाली, न्यूयॉर्कच्या 'झाडिक' या संस्थेतर्फे. बेली तेव्हा बार्सिलोना येथे राहत होते आणि पंचाहत्तरीत होते. उजव्या हाताला नखी धरवेनाशी झाली होती. मनगटातील नस दाबली जाण्याचा विकार, असे निदान झाले, आणि त्या विकाराचेच नाव त्यांनी ध्वनिमुद्रिकेला दिले. शस्त्रक्रिया करवून घेण्याऐवजी त्यांनी अंगठ्याने वाजविण्यास आरंभ केला. पहिल्या भागात ते वाजविता वाजविता बोलतात आणि हाताला काय झाले ते सांगतात. पुढील भागांची नावे साधी आहेत : तीन आठवड्यांनंतर, पाच आठवड्यांनंतर, सात, नऊ, बारा. आयुष्यभर कमावलेली तीक्ष्णता त्यांत नाही. स्वर मऊ आहेत, मध्ये मध्ये लांब थांबे आहेत, एखादा स्वर निसटतो आणि मग त्या निसटण्यातूनच पुढचा शोधला जातो. वस्तुतः तो विकार मनगटाचा नव्हताच. चेतासंस्थेच्या असाध्य रोगाची ती सुरुवात होती. २५ डिसेंबर २००५ रोजी लंडन येथे बेली निवर्तले. बारा आठवड्यांत एक हात नव्याने वाजवावयास कसा शिकत होता, हे आठवड्यागणिक त्या मुद्रिकेत ऐकू येते.