कॉम्प्रेसर घेताना अश्वशक्ती नव्हे, हवा मोजावी

मुलुंडमधील जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांच्या जागी पुनर्विकासाचे टॉवर उभे राहू लागले, तशी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामेही वाढली. सुताराच्या हातोडीची जागा हवेवर चालणाऱ्या नेलगनने घेतली आणि पॉलिशवाल्याच्या कापडी बोळ्याची जागा स्प्रेगनने. एके काळी पंक्चरच्या दुकानापुरता दिसणारा एअर कॉम्प्रेसर आता लहान कंत्राटदाराच्या टेम्पोत आणि हौशी गृहस्थाच्या गॅलरीतही दिसतो. हवेच्या अवजारांशी या उपनगराचे नाते तसे जुने आहे. पूर्वीच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कन्सॉलिडेटेड न्यूमॅटिक टूल या कंपनीचा कारखाना होता. आज मात्र खरेदीसाठी बहुतेकांना लोकलने मशीद गाठून नागदेवी स्ट्रीट पालथी घालावी लागते, आणि फसगतीची सुरुवात बहुधा तेथेच होते.

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो अश्वशक्तीचा आणि दुसरा टाकीच्या लिटरचा. वास्तविक या दोन्ही गोष्टी दुय्यम होत. महत्त्वाचे असते ते यंत्र मिनिटाला किती हवा प्रत्यक्ष देते हे. ही हवा घनफुटांत (सीएफएम) किंवा लिटरमध्ये सांगतात; एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. लेबलवरचा आकडा मात्र पुष्कळदा सिलिंडरमधील पिस्टन जितकी जागा व्यापतो, तिच्या हिशेबाने काढलेला असतो. झडपांतील गळती, उष्णता आणि पिस्टनच्या माथ्यावर शिल्लक राहणारी हवा वजा जाता हाती येणारी हवा त्याच्या साधारण ६५ ते ७५ टक्केच भरते. दोन अश्वशक्तीच्या थेट मोटरला जोडलेल्या यंत्रावर सात घनफूट लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात साडेचार-पाच मिळाले तर ठीक म्हणायचे. 'फ्री एअर डिलिव्हरी' असा स्पष्ट उल्लेख आणि तो किती दाबाला मोजला हे दोन्ही लिहिलेले असेल, तरच त्या आकड्यावर विसंबावे.

हा आकडा दुकानातच पडताळता येतो. टाकीतील दाब ५ बारपर्यंत उतरवून यंत्र सुरू करावे आणि काटा ८ बारवर पोहोचेपर्यंत घड्याळ लावावे. (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.) टाकी २५ लिटरची असेल, तर तीन बार चढण्यासाठी ७५ लिटर हवा आत गेली. त्याला ४५ सेकंद लागले, तर यंत्र मिनिटाला १०० लिटर, म्हणजे साडेतीन घनफूट हवा देते. आतली हवा तापलेली असल्याने हे उत्तर किंचित फुगलेलेच येते. तरी लेबलापेक्षा ते खरे. या प्रयोगाला नाही म्हणणारा दुकानदार टाळलेला बरा. यंत्र आपोआप थांबते तेव्हा 'फुस्स' असा आवाज येतो की नाही, हेही त्याच वेळी ऐकावे. तो कोंडलेली हवा सुटल्याचा आवाज असतो. ती सुटली नाही, तर मोटरला पुढच्या वेळी दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते आणि वाइंडिंग जळते.

टाकीचे काम सोसायटीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीसारखे आहे. ती साठवते, निर्माण करीत नाही. स्प्रेगनला मिनिटाला सहा घनफूट हवा लागते आणि यंत्र चारच देते असे धरले, तर २५ लिटरची टाकी ही तूट जेमतेम सव्वा मिनिट भरून काढते. त्यानंतर दाब उतरतो, रंगाचे कण जाड पडतात आणि कपाटाच्या दारावर संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. पन्नास लिटरची टाकी घेतली तर अवधी दुप्पट होतो, एवढेच. याउलट नेलगनला प्रत्येक खिळ्यागणिक फार थोडी हवा लागते; तिला लहान यंत्र पुरते. गाडीचे टायर आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमधील धूळ यांचेही तसेच. लाद्या फोडण्यासाठी मात्र असला कॉम्प्रेसर कोणी घेऊ नये. हवेवर चालणाऱ्या ब्रेकरला मिनिटाला पस्तीस ते साठ घनफूट हवा लागते. ते काम रस्त्यावर ओढून नेण्याच्या डिझेल यंत्राचे. घरातल्या फोडकामाला विजेवर चालणारा ब्रेकर पुरेसा असतो.

विजेचा विचार आधी केलेला बरा. दोन अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे नऊ अँपिअर आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. सहा अँपिअरच्या सॉकेटवर ती लावणे धोक्याचे. सोळा अँपिअरचे सॉकेट आणि अर्थिंग हवेच. बांधकामाच्या जागी तळमजल्यावरील तात्पुरत्या जोडणीपासून चौथ्या मजल्यापर्यंत बारीक वायर ओढली जाते आणि दाब कमी पडून मोटर घुमत राहते. अशा वेळी वायर लांबविण्यापेक्षा हवेचा पाइप लांबवावा.

तेलाचे की बिनतेलाचे, हा वाद कामाच्या जागेवरच सुटतो. रोज लिफ्टमधून किंवा जिन्याने न्यायचे असेल, तर बिनतेलाचे यंत्र सोयीचे: ते हलके असते, आडवे झाले तरी तेल सांडत नाही आणि रंगात तेलाचे थेंब मिसळून खळगे पडण्याची भीती राहत नाही. त्याच्या पिस्टनच्या रिंगा मात्र लवकर झिजतात. पट्ट्यावर चालणारे तेलाचे यंत्र जड, पण थंड आणि दीर्घायुषी; ते एका जागी ठेवणाऱ्याने घ्यावे. मिनिटाला २८०० फेऱ्यांचे यंत्र कानठळ्या बसविते, १४०० फेऱ्यांचे पुष्कळ सौम्य असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शेजाऱ्यांची मर्यादा बहुधा त्याहून कमी असते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पाण्याकडे. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत दर घनमीटरला पंचवीसेक ग्रॅम बाष्प असते. ही हवा ७ बारपर्यंत दाबून पुन्हा निवाली, की त्यांपैकी जेमतेम चार ग्रॅम तिच्यात राहू शकते. उरलेल्याचे पाणी होते. मिनिटाला चार घनफूट हवा देणारे यंत्र तासभर चालले, तर सव्वाशे ते दीडशे मिलिलीटर पाणी साचू शकते. पैकी काही पाइपमधून गनमध्ये जाऊन रंग बिघडविते; त्यासाठी पाइपच्या तोंडाशी पाणी अडविणारा फिल्टर लावावा. उरलेले टाकीच्या तळाशी राहून पत्रा आतून खाते. बाहेरचा रंग चकचकीत असला तरी आतून पातळ झालेली टाकी एके दिवशी फाटते, आणि दाबलेल्या हवेने फाटलेला पत्रा माणसाचा जीव घेऊ शकतो.

म्हणून रोज काम संपल्यावर दाब उतरवून तळाची तोटी उघडावी. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून तो मोकळा आहे याची खात्री करावी. तो गळतो म्हणून बूच मारण्याचा उपाय प्राणघातक ठरतो. गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचा टाका घालून वापरू नये. जुने यंत्र घेताना टाकीची पाण्याने दाबचाचणी करून मागावी. ती हवेने करीत नाहीत, कारण पाणी दबत नाही आणि चाचणीत टाकी फुटलीच तर तुकडे उडत नाहीत. हवेच्या झोताने अंगावरची धूळ झटकण्याची सवयही मोडली पाहिजे. अमेरिकेतील नियमांनुसार सफाईसाठीच्या झोताचा दाब ३० पीएसआयच्या आत ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे कामगारांनी चेष्टेत सहकाऱ्याच्या शरीरात हवा सोडल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरात मुले असतील तर काम संपताच प्लग काढून टाकी रिकामी करून ठेवावी.