अवरक्त छायाचित्रण : फिल्टर व एक्स्पोजर

डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवरील छायाचित्रण. ही फिल्म निळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देते. तो अडवण्यासाठी फिल्टर लागतो. त्याची निवड फिल्मच्या संवेदनमर्यादेवर ठरते. इलफर्ड एसएफएक्स २०० सुमारे ७४० नॅनोमीटरपर्यंतच संवेदनशील असल्याने तिला गडद लाल फिल्टर सोयीचा. ८२० पर्यंत पोचणाऱ्या रोलाय इन्फ्रारेड ४०० ला ७२० नॅनोमीटरचा चालतो. हा फिल्टर जवळजवळ काळा असतो, म्हणून तिकाटण्यावर चौकट आधी जुळवतात आणि भिंगावरील अवरक्त खुणेनुसार फोकस सरकवतात. प्रकाशमापक अवरक्त किरणांचे प्रमाण नेमके सांगत नाही; त्यामुळे एक्स्पोजर एकेक स्टॉप कमीजास्त करून अनेक फ्रेम घेतात. उन्हातील हिरवी पाने पांढरी उमटतात; भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांच्या नावावरून यास ‘वुड परिणाम’ म्हणतात.