शेफर्ड्स हट

शेफर्ड्स हट (शब्दशः 'मेंढपाळाची झोपडी') ही लोखंडी चाकांवर बसवलेली, एका माणसाला जेमतेम पुरेल अशी लाकूड-पत्र्याची खोली होय. दक्षिण इंग्लंडमधील मेंढपाळ मेंढ्या विण्याच्या हंगामात कळपाजवळ राहण्यासाठी तिचा वापर करीत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती जवळजवळ नामशेष झाली होती. आज मात्र ब्रिटनमध्ये निसर्गसहलींसाठी भाड्याने मिळणाऱ्या ग्रामीण धाटणीच्या निवासांमध्ये ती विशेष लोकप्रिय आहे. अशा सुखसोयींनी युक्त रानमुक्कामास 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. 'ग्लॅमरस' व 'कॅम्पिंग' यांच्या संयोगातून बनलेला हा शब्द २०१६ साली ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात समाविष्ट झाला.

उगम आणि उपयोग

सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेनर्ड मॅस्कल याच्या पशुपालनविषयक ग्रंथात मेंढपाळाच्या चाकांवरील खोलीचा उल्लेख आढळतो. तिचा खरा प्रसार मात्र एकोणिसाव्या शतकात झाला.

या प्रसारामागे शेतीचे कारण होते. डॉर्सेट, विल्टशर, हॅम्पशर, ससेक्स या परगण्यांतील खडूच्या टेकड्यांवरची जमीन हलकी आणि निकस असते. म्हणून मेंढ्यांना दिवसा टेकडीवर चारून रात्री लागवडीच्या शेतात हलत्या कुंपणात कोंडत व ते कुंपण वरचेवर पुढे सरकवीत. त्यामुळे लेंड्या आणि मूत्र थेट जमिनीत मुरत असे. महाराष्ट्रातील धनगर शेतकऱ्याच्या रानात मोबदला घेऊन मेंढ्या बसवतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. फरक असा की धनगरांचा वाडा घोड्यांवर संसार लादून लांबचा पल्ला गाठतो, तर इंग्लिश मेंढपाळ बहुधा एकाच जमीनदाराचा पगारी नोकर असे आणि त्याचा कळप त्या शेताच्या परिसरातच फिरे. झोपडीदेखील सामान्यतः मालकाचीच असे. ती घोडे जुंपून हंगामाच्या प्रारंभी कळपाजवळ नेऊन ठेवीत.

हिवाळ्याच्या अखेरीस मेंढ्या रात्री-अपरात्री विऊ लागत. अडलेल्या मेंढीची सुटका करणे, गारठलेल्या कोकराला ऊब देणे, पोरक्या कोकराला दुसऱ्या मेंढीला लावणे ही कामे सकाळपर्यंत थांबू शकत नसत. त्यामुळे मेंढपाळाला आठवडेच्या आठवडे याच खोलीत काढावे लागत. आज विश्रांतीचे स्थळ म्हणून मिरवणारी ही वास्तू मुळात अशा जागरणांसाठी बांधलेली होती.

रचना

पारंपरिक झोपडी सुमारे ३ ते ४ मीटर लांब व २ मीटर रुंद असे. लाकडी सांगाड्यावर बाहेरून पन्हळी पत्रा ठोकीत. छप्परही त्याच पत्र्याचे व कमानदार असे. पुढचा आस फिरता असल्यामुळे झोपडी वळवता येई. दार आडवे दुभागलेले असून ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला येईल अशा बेताने झोपडी उभी करीत. खिडक्यांतून आतूनच कळपावर नजर ठेवता येई. कोपऱ्यात लहानशी लोखंडी शेगडी, भिंतीवर औषधांची फडताळी आणि एका टोकाला फळ्यांची बाज एवढेच सामान आत असे. काही झोपड्यांत बाजेखाली अशक्त कोकरांसाठी पिंजरा केलेला असे. गावोगावचे सुतार-लोहार या झोपड्या बनवीत; पुढे विल्टशरमधील ब्रॅटन येथील रीव्ह्ज यांच्यासारखे अवजारांचे कारखानदारही त्या तयार करू लागले.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

रासायनिक खतांमुळे मेंढ्या शेतात कोंडण्याची गरज संपली, वीण गोठ्यात होऊ लागली आणि मेंढपाळाला वाहनाने ये-जा करता येऊ लागली. निरुपयोगी झोपड्या बांधाला कुजत पडल्या किंवा कोंबड्यांची खुराडी झाल्या. एकविसाव्या शतकात जुन्या झोपड्या दुरुस्त करण्याचा आणि त्याच घाटाच्या नव्या बांधण्याचा व्यवसाय वाढला. शेतीच्या उत्पन्नाला जोड म्हणून अनेक शेतकऱ्यांनी त्या पर्यटकांसाठी ठेवल्या. माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी २०१७ साली आठवणी लिहिण्यासाठी अशी झोपडी विकत घेतल्यावर वृत्तपत्रांत तिची बरीच चर्चा झाली.

नव्या झोपडीत दुहेरी पलंग, वीज, स्वयंपाकाचा ओटा आणि बहुधा स्नानगृहही असते. भिंतींत उष्णतारोधक म्हणून काही ठिकाणी मेंढीचीच लोकर भरतात. चाके आणि कमानदार छप्पर सोडले तर जुन्या झोपडीशी तिचे साम्य थोडेच उरते. चाके मात्र केवळ शोभेची नसतात. मनुष्यवस्तीसाठी बांधलेली आणि एका जागेहून दुसरीकडे हलवता येणारी वास्तू १९६० च्या इंग्लिश कायद्यानुसार 'कॅरव्हॅन' ठरू शकते, त्यामुळे तिला पक्क्या बांधकामाहून वेगळे नियम लागू होतात. तरीही ती पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी जमिनीच्या वापराची परवानगी सहसा घ्यावीच लागते.

शेगडीचा धोका

टॉमस हार्डी यांच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) या कादंबरीचा नायक गॅब्रिएल ओक अशाच झोपडीत शेगडी पेटती ठेवून झोपी जातो. हवेची झडप उघडायची राहून गेल्याने तो गुदमरतो आणि बाथशिबा वेळेवर पोहोचल्यामुळेच वाचतो. हा प्रसंग केवळ कथेच्या सोयीचा नाही. बंद खोलीत इंधन अपुरे जळाले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग वा वास नसल्याने झोपलेल्या माणसाला तो जाणवत नाही. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. झोपडी जितकी लहान आणि हवाबंद, तितका धोका अधिक. यासाठी धुराडे नियमित साफ करणे, वायुवीजनाची छिद्रे न बुजवणे व वायुसूचक यंत्र बसवणे आवश्यक असते. बाहेर पेटवलेली कोळशाची शेगडी विझत आली आहे असे समजून उबेसाठी आत आणणे विशेष घातक ठरते, कारण धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून हा वायू बराच काळ बाहेर पडत राहतो.