जावाची पेटी : मूळ गाडी नेमकी कोणती?

गणपतीच्या आधी घराची झाडलोट निघाली की बेळगावातल्या जुन्या घरांच्या माळ्यावरून, परसातल्या खोलीतून काय काय बाहेर येते हे वाचकांना सांगायला नको. मखराच्या फळ्या, समया, तांब्याचा बंब आणि काही घरांत पोत्याखाली झाकून ठेवलेली एखादी फटफटी. पूर्वी अशी गाडी भंगारवाल्याच्या हातगाड्यावर जायची. आता मुले, नातवंडे ती दुरुस्त करून घेतात. आम्हा तिघा मित्रांनीही हा उद्योग केला आहे आणि त्यात एक चूकही केली आहे. ती चूक सांगावी आणि त्या निमित्ताने या गाड्यांचा थोडा इतिहास मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

जुनी गाडी उभी करणाऱ्यांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे. रंग तोच, नटबोल्ट तेच, आरसासुद्धा त्याच साच्याचा. दुसरा म्हणतो, गाडी आमची, पैसे आमचे, मग आमच्या आवडीचे चार बदल केले तर बिघडले कुठे? चहाच्या टपरीवर हा वाद तासन्‌तास चालतो. आम्ही सुरुवातीला पहिल्या पक्षात होतो आणि तेही कट्टर.

वाद नीट समजायचा तर आपल्या भागातल्या सर्वांत लाडक्या जुन्या गाडीचा, म्हणजे जावाचा इतिहास पाहावा लागतो. फ्रान्तिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये प्राग येथे ही कंपनी काढली. त्याने वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकलचा व्यवसाय विकत घेतला होता. स्वतःच्या आणि वाँडररच्या नावातली पहिली अक्षरे जोडून त्याने 'जावा' हे नाव केले. चेक लोक त्याचा उच्चार 'यावा' असा करतात. भारतात ही गाडी रुजवली रुस्तम इराणी यांनी. त्यांच्या 'आयडियल जावा' कंपनीचा कारखाना म्हैसूरच्या यादवगिरी भागात उभा राहिला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या वेळी म्हैसूर राज्याचे राज्यपाल असलेले महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. बेळगाव जिल्हा १९५६ मध्येच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. त्यामुळे जावा ही आपल्याच राज्यातली गाडी ठरली.

गाडीही तशीच गुणी. सुमारे अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन. किक मारायची ती दांडी आणि गिअर टाकायची ती दांडी एकच. साखळी पूर्ण झाकलेली, म्हणून धोतर किंवा साडी अडकायची भीती कमी. मरून रंगाची टाकी, तिच्या बाजूंना क्रोमचा मुलामा आणि गुडघ्याला टेकायला रबर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरायचे. घाटात चढताना तिचा तो ठरावीक आवाज ऐकू आला की घरातले लोक चहाचे आधण ठेवत.

आता यातली 'मूळ' गाडी कोणती? सुरुवातीच्या गाड्या चेकोस्लोव्हाकियातून आलेले भाग जोडून तयार होत. पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले. १९७३ पासून गाडीचे नावच बदलले आणि जावाची 'येझदी' झाली. इराणी घराण्याची मुळे ज्या यझ्द शहराकडे जातात, त्यावरून हे नाव घेतल्याचे सांगतात. योगायोग असा की त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचेही नाव बदलून कर्नाटक झाले. १९७८ च्या सुमारास रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आम्ही तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या पदविकेला नुकतेच बसलो होतो. कारखाना बंद झाला तरी गाड्या बंद पडल्या नाहीत. सिलिंडरचे बोअरिंग, बुश, पिना ही कामे आपल्या उद्यमबागेतल्या लेथवर होऊ लागली. आज रस्त्यावर धावणारी कुठलीही जावा घ्या, तिच्यात प्रागची आखणी, म्हैसूरची जोडणी आणि कुणातरी गावच्या टर्नरचा हात असतोच. शंभर टक्के मूळ म्हणावी अशी चालती गाडी जवळजवळ सापडतच नाही.

बुलेटची गोष्ट याहून मजेशीर. इंग्लंडच्या रेडिच गावची ही गाडी. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन ती मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बनू लागली. मूळ इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास संपली, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. तिच्या टाकीवरची सोनेरी रेघ कारागीर ब्रशने, नुसत्या हाताने ओढत. कारखान्यातून निघालेल्या दोन टाक्यांवरची रेघसुद्धा तंतोतंत सारखी नसे. मग हुबेहूब करायचे म्हणजे कुणासारखे करायचे?

पण हे शहाणपण आम्हाला मागाहून आले. आधी चूक झाली ती अशी.

आमच्यापैकी एकाचे काका पशुवैद्यकीय खात्यात होते. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, नंदगड या बाजूला त्यांची फिरती असे. १९६८ साली त्यांनी जावा घेतली. गाडीच्या मागे खानापूरच्या एका लोहाराकडून त्यांनी पत्र्याची पेटी बसवून घेतली होती. पेटीत सिरिंजा, औषधे आणि बर्फ घातलेला मोठा थर्मास. लाळ-खुरकूत, घटसर्प यांच्या लशी त्या थर्मासात गार राहत. पेटीचे झाकण वाकडे होते आणि पावसात पाणी शिरू नये म्हणून त्याच्या कडेला सायकलची ट्यूब कापून लावलेली होती. काका निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिली.

२०११ मध्ये आम्ही ती बाहेर काढली. रविवारी आणि सुटीच्या दिवशी काम करत, आठ महिने लागले. कारखान्याच्या जुन्या चित्रांशी ताडून पाहत एकेक वस्तू जमवली. पेटी चित्रात नव्हती. म्हणून ती काढली, तिच्या कैच्यांसाठी पाडलेली भोके वेल्डिंगने बुजवली, वरून रंग चढवला आणि पेटी भंगारात दिली. त्या दिवशी आम्हाला मोठे काम केल्यासारखे वाटले होते.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदीवाले एकत्र जमतात. अशाच एका रविवारी आम्ही गाडी घेऊन जांबोटीच्या रस्त्याला थांबलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आले. गाडीभोवती एक फेरी मारली, नंबर वाचला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेबांची गाडी न्हवं ही? आणि पेटी कुठं गेली?" आम्ही काढली म्हणून सांगितले. ते काही रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्या पेटीतल्या औषधानं आमची चार जनावरं वाचली होती. पोरं लांबनं पेटी बघूनच वळखायची, डॉक्टर आला म्हणून." मग नमस्कार करून ते निघून गेले. परत येताना आम्ही तिघेही गप्प होतो.

गाडी चित्रातल्यासारखी झाली होती, पण ती काकांची राहिली नव्हती. तशा मरून जावा म्हैसूरहून शेकड्यांनी निघाल्या असतील. पेटीवाली मात्र एकच होती.

यानंतर आम्ही या विषयाकडे अभ्यास म्हणून पाहू लागलो. तेव्हा कळले की जगातही हा वाद जुना आहे आणि जाणकारांनी त्यावर विचार केलेला आहे. जुन्या वाहनांच्या संस्थांची 'फिवा' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे. तिने २०१२ मध्ये 'ट्यूरिन सनद' मान्य केली. तिच्यातल्या दोन गोष्टी आम्हाला फार पटल्या. एक अशी की वाहन रोजच्या वापरात असताना त्याच्यावर झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत. ते पुसून वाहन कारखान्यातल्या दिवसासारखे करण्याची सक्ती नाही. दुसरी अशी की जो भाग नव्याने बसवाल, त्यावर लहानशी पण टिकाऊ खूण करा, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही.

इंग्लंडमधले उदाहरण यासाठी चांगले आहे. १९५० च्या आणि ६० च्या दशकांत तिथली तरुण मुले नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचे इंजिन बसवत आणि त्या जोडगाडीला 'ट्रायटन' म्हणत. दोन्ही कंपन्यांच्या दृष्टीने ती मोडतोडच होती. आज त्या काळच्या ट्रायटनलाच इतिहास मानतात. ती सुटी करून पुन्हा नॉर्टन आणि ट्रायम्फ वेगळे करा, असे कुणी म्हणत नाही.

मग आवडेल तो बदल करावा काय? तर तसेही नाही. काकांची पेटी कामासाठी आली होती आणि त्या काळात आली होती. आज कुणी १९६८ च्या जावाला डिस्क ब्रेक आणि अलॉय चाके लावण्यासाठी चासी कापत असेल, तर तो इतिहासात भर घालत नाही, असलेला इतिहास खोडतो. कायदाही याबाबत कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकात असलेल्या, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढायची. काकांची जावा वयाने या नियमात बसते. पहिल्या रोडकिंग २०२८ च्या सुमारास बसू लागतील.

अनुभवातून आम्ही आता एक साधी रीत पाळतो. जो बदल उद्या स्क्रू काढून परत फिरवता येतो, तो करायला हरकत नाही. सहा व्होल्टचा दिवा रात्री दिसतच नसेल तर बारा व्होल्टची जोडणी करावी, पण जुना डायनामो पुसून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवावा. सुरक्षेसाठी इंडिकेटर लावावेत, पण ते क्लॅम्पवर, भोक न पाडता. जो बदल परत फिरवता येत नाही, म्हणजे कापणे, भोक पाडणे, वेल्डिंग मारणे, जुना रंग खरवडणे, तो करण्याआधी चार माणसांना विचारावे. त्यात एक माणूस असा हवा ज्याने ती गाडी चालताना पाहिली आहे. आम्ही सगळ्या मेकॅनिकांना विचारले होते, पण काकूंना विचारले नव्हते.

काकांच्या गाडीला आता पुन्हा पेटी आहे. लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोच्या कोपऱ्यात ती अर्धी दिसत होती. त्यावरून आणि काकूंच्या सांगण्यावरून आम्ही ती पत्र्याची करून घेतली. झाकणाला सायकलची ट्यूबही लावली. पण आतल्या बाजूला ठशाने करणाऱ्याचे नाव आणि साल ठोकले आहे, कारण ही पेटी काकांची नव्हे. नातवाने उद्या झाकण उघडले तर त्याला खरे तेच कळावे.

ज्यांच्या घरी अशी गाडी पोत्याखाली उभी असेल, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. या गणपतीत सगळे नातेवाईक घरी जमतील, तेव्हा गाडी अंगणात काढा. चारही बाजूंनी फोटो काढा. कुठला डाग कसला, कुठला हुक कशासाठी, हे ज्येष्ठांना विचारून एका वहीत लिहून ठेवा. आणि ते झाल्यावरच पाना हातात घ्या.